सकाळची इंग्रजी, दुपारची मराठी

माझ्या भाचीने परवा तिच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम टाकून घेतल्या. एक ऑफिसच्या कामाला, एक घरची. मशीन चालू केलं की ते आधी विचारतं, यातली कुठली? एक निवडली की दुसरी आत कुठेतरी गप्प बसून राहते आणि तिच्यातलं काहीही इकडे दिसत नाही. हे मला समजावताना ती इतकी हळूहळू बोलत होती, जणू मी आत्ताच गावाहून एसटीने उतरले आहे. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "अगं, असल्या मशीनवर मी पोट भरलंय. तुझ्या जन्माच्या आधी." तिला ती थट्टा वाटली. ती हसली आणि चहा टाकायला आत गेली.

थट्टा नव्हती. नगरला मी ज्या कचेरीत टायपिस्ट होते, ती एका लहानशा मिशनरी संस्थेची कचेरी होती. संस्थेचं नाव सांगत नाही. ती आता राहिलेली नाही, आणि मेल्यामागे कोणाला वाईट बोलू नये असं आई म्हणायची. मी बोलणार आहे, पण नाव न घेता. नगर आणि नेवासा तालुक्यांतल्या खेड्यांत संस्थेच्या चार-पाच शाळा होत्या. बहुतेक एका मास्तराच्या, एका खोलीच्या. गोरे साहेब आणि मेमसाहेब केव्हाच आपल्या देशी परत गेले होते. जाताना त्यांनी मागे ठेवलं ते म्हणजे कपाटं, शिसवी टेबल, देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा आणि हा टाइपरायटर.

लोकांनी पाहिलेल्या टाइपरायटरसारखा तो नव्हता. त्याला अक्षरांच्या काड्याच नव्हत्या. मधोमध एक गोल डबी होती आणि तिच्या दोन बाजूंना कडक रबराच्या दोन बाकदार पट्ट्या. एका पट्टीवर इंग्रजी अक्षरं, दुसरीवर मराठी. डबी वर उचलायची, अर्धा फेरा द्यायची, खाली दाबायची. खट् असा आवाज आला की भाषा बदलली. कळा त्याच, आणि कळांवरची नावंही इंग्रजीच. मराठीचं कुठलं अक्षर कुठल्या कळेखाली आहे, ते मेमसाहेबांनी एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला ठोकून ठेवलं होतं. सुरुवातीला दर अक्षराला मान वर करून मला त्या पुठ्ठ्याकडे बघावं लागे. सहा महिन्यांत ते बंद झालं. डबी फिरली की माझी बोटंही आपोआप फिरायची, आणि कधी डबी फिरवायची राहिली तर कागदावर जे काही उमटायचं ते कुठल्याच देवाला वाचता आलं नसतं.

कचेरीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे साहेब. गोऱ्यांच्या खुर्चीत बसलेला आपल्यातला पहिला माणूस. धोतर सोडून पँट घातली तरी पायातली कोल्हापुरी त्यांनी सोडली नव्हती. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर हे लिहिणं किती सोपं झालं असतं. मॅट्रिक झालेल्या खेड्यातल्या पोरीला त्यांनीच बोलावून घेतलं, टायपिंग शिकवलं, कंपाउंडमध्ये राहायला खोली दिली, आणि माझ्या वडिलांना सांगितलं, "मास्तर, तुमची मुलगी ती माझी मुलगी." वडील संस्थेच्याच एका शाळेत मास्तर होते. घोडेगावला एसटीतून उतरलं की आत दोन-अडीच मैल चालत, तिथे. त्यांचं शिक्षण संस्थेत झालं होतं, लग्न संस्थेच्या देवळात लागलं होतं. संस्था म्हणजे त्यांचं मायबाप, आणि साहेब म्हणजे त्याच मायबापाचा थोरला मुलगा.

साहेबांचा मशीनच्या बाबतीत एक कडक नियम होता. मराठी पट्टीला कडेला बारीक चीर गेली होती. दुसरी पट्टी मिळण्याची आशा नव्हती, कारण बनवणारी कंपनीच कधीची बसली होती. नवीन मराठी टाइपरायटरला अर्ज दिला होता आणि नंबर यायचा होता, म्हणजे यायचा नव्हता. म्हणून डबी फिरवायची ती दिवसातून दोनदाच. सकाळी इंग्रजी, जेवण झाल्यावर मराठी, आणि कुलूप लावताना परत इंग्रजीवर आणून ठेवायची. मधेच एखादं पत्र आठवलं तरी साहेब म्हणायचे, "राहू दे, उद्या सकाळच्या भाषेत करू."

यात एक अडचण होती. पत्र मराठी असो की इंग्रजी, वर उजवीकडे तारीख आणि जावक नंबर इंग्रजी आकड्यांतच हवा, आणि खाली डावीकडे दोन आद्याक्षरांच्या जोड्या हव्यात. आधी पत्र सांगणाऱ्याची, मग टाइप करणाऱ्याची. गोऱ्यांच्या वेळची शिस्त. कोणी सांगितलं, कोणी बडवलं, हे पत्राच्या कोपऱ्यात कायमचं राहायचं. पण मराठी पत्रं दुपारी, आणि दुपारी इंग्रजी पट्टी मागे गेलेली. मग मी एक शक्कल काढली. सकाळी काम संपताना, डबी फिरवायच्या आधी, आठ-दहा कोऱ्या कागदांवर वरची तारीख आणि खालची आद्याक्षरं टाइप करून गठ्ठा तयार ठेवायचा. दुपारी मधली मोकळी जागा मराठीने भरायची. जावक नंबर हाताने. उरलेले कागद संध्याकाळी फाडून पाठकोरे करायचे. साहेबांनी या अकलेचं चर्चच्या पाळकसाहेबांसमोर कौतुक केलं होतं, आणि मी आठ दिवस हवेत होते.

दोन वेळच्या दोन भाषा दोन गोष्टी सांगतात हे ध्यानात यायला मला वर्ष लागलं. सकाळची पत्रं समुद्रापलीकडे जायची. त्यात आमची खेडी, आमच्या शाळा, आमची माणसं असायची, पण मला ती ओळखू यायची नाहीत. आमच्याच गावातली भांडकुदळ विधवा सकाळच्या पत्रात श्रद्धाळू आणि सोशिक व्हायची. दुपारची पत्रं घोडेगाव-नेवाशाकडे जायची, आणि त्यात त्याच बाईला खोली रिकामी करायला सांगितलेलं असायचं. तिकडच्यांना मराठी येत नव्हतं, इकडच्यांना इंग्रजी. दोन्ही वाचू शकणारी माणसं कचेरीत दोनच, आणि त्यातल्या एकाने ती सांगितलेली असायची. दुसरी मी. मी मूग गिळून बसायची, कारण पगार दोन्ही भाषांचा मिळून एकच होता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नगर जिल्ह्याला दुष्काळाचं नावीन्य नाही, पण तो दुष्काळ वेगळा होता. विहिरींचे तळ दिसले, मग तळाला भेगा दिसल्या. घोडेगावच्या बाजारात जनावरं विकायला यायची ती उभं राहवत नसलेली, आणि घ्यायला कोणी नसे. अख्खी गावं खडी फोडायला रस्त्यावर आली. रेशनवर लाल मिलो मिळायचा, बोटीने आलेली परदेशी ज्वारी. त्याची भाकरी विटकरीच्या रंगाची व्हायची आणि थापताना तुकडे पडायचे. शाळेतली पोरं आईबापांबरोबर खडीवर जायची, तर माझे वडील सकाळी खडीच्या कामावर जाऊन तिथल्याच कडुलिंबाखाली शाळा भरवायचे. पाटी नसली तर मातीत अक्षरं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रविवारच्या उपासनेत ते हे असं सांगायचे, जणू चूक झाली आहे आणि ती पदरात घ्यावी.

जानेवारीतल्या एका सकाळी साहेबांनी मला समुद्रापलीकडच्या, पैसे देणाऱ्या बोर्डाला एक लांब पत्र सांगितलं. सगळं पत्र माझ्या वडिलांच्या शाळेविषयी होतं. लिंबाचं झाड होतं, मातीतली अक्षरं होती, "आमचा एक विश्वासू शिक्षक" होता. सांगताना साहेबांनी खरोखर डोळे पुसले. शेवटी लिहिलं होतं की ही शाळा या संकटात चालू ठेवणं हेच संस्थेचं आजचं मोठं काम आहे आणि त्यासाठी मदत हवी. टाइप करताना मला रडू आलं, अभिमानाने. डबीतून अक्षरं कागदावर पडत होती आणि मी मनात म्हणत होते, बाबा, तुम्ही समुद्रापलीकडे निघालात.

जेवण झालं. मी डबी फिरवली. साहेब आत आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ बाळ, कचेरीतलं कचेरीत." आणि त्यांनी मराठी पत्र सांगायला सुरुवात केली. संस्थेवर आलेल्या अडचणींमुळे खालील शाळा एक मेपासून बंद करण्यात येत आहे. शिक्षकांनी शाळेच्या चाव्या, घंटा व दप्तर कचेरीत जमा करावं. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल संस्था ऋणी आहे. प्रति म्हणून त्यांनी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं, इतर कोणाचंही सांगावं तसं.

मी बोटं उचलली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तिकडून शाळेच्या नावाने मदत येते, त्यांना शाळाच कळते. इथे लोकांना पाणी हवंय. मी विहीर खणणार आहे. मास्तरांना आत्ता कळलं तर ते दुसरीकडे बघतील, आणि मार्चमध्ये तिकडचे पाहुणे यायचे आहेत. त्यांना शाळा भरलेली दिसली पाहिजे. पत्र एप्रिलमध्ये जाईल. तारीख टाकू नकोस, पाठवताना टाकू." आणि मग आवाज खाली आणून, "तुझं कायम करण्याचं पण एप्रिलच्या मीटिंगमध्येच ठेवलंय."

एवढंच. धमकी नाही, ओरडा नाही. साहेबांना ओरडायची गरज नव्हती. मी गठ्ठ्यातला वरचा कागद मशीनला लावला आणि माझ्या बापाची नोकरी गेल्याचं पत्र टाइप केलं. गठ्ठ्यातल्या कागदावर त्या दिवसाची तारीख आधीच होती आणि खाली साहेबांच्या आद्याक्षरांशेजारी माझीही होती. ते माझ्या ध्यानात आलं नाही. रोजची सवय. डोक्यात तारीख नव्हतीच, बाप होता. साहेबांनी खाली सही केली, वर बघितलं नाही. पाकिटात घालून चिकटवलं मीच. साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढे कित्येकांना मी सांगितलं की तारीख मी मुद्दाम राहू दिली होती. खोटं आहे ते. मुद्दाम काही करायला अंगात धमक लागते.

त्याच शनिवारी मी घरी गेले. आई चुलीपुढे मिलोची भाकरी सांभाळत होती आणि वडील ओट्यावर वह्या तपासत होते. मी पाणी प्यायले न प्यायले तोच आई म्हणाली, "ऐक, कारखान्याच्या शाळंवरनं सांगावा आलाय." कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याने कामगारांच्या पोरांसाठी शाळा काढली होती. वडिलांचा जुना सोबती तिथे हेडमास्तर होता. त्याला एक मास्तर हवा होता, आणि त्याने आठ दिवसांत उत्तर मागितलं होतं. तिथे कालवा होता, ऊस होता. राहायला खोली होती आणि दाराशी नळ होता.

आई म्हणाली, "मी म्हंते चला. पानी तरी डोळ्यानं दिसंल."

वडील वह्यांवरून मान वर न करता म्हणाले, "पोरं लिंबाखाली बसत्यात माझी. ती कुनाच्या भरवशावर सोडू?" मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तू कचेरीत हायेस, बाय. तुझ्या कानावर काय आलंय का? आपली शाळा ऱ्हाती ना? न्हाई म्हनलीस तर मी उद्याच व्हय म्हनून कळवतो."

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात नंतर कोणी विचारलेला नाही. एका शब्दाचं काम होतं. ते पाकीट ड्रॉवरमध्ये होतं, माझ्या जिभेखाली होतं. मला वाटलं, सांगितलं तर ते सोमवारी साहेबांकडे जातील. बाबांना पोटात ठेवणं कधी जमलं नाही. साहेब विचारतील, कोणी सांगितलं? कचेरीत दोनच माणसं. मग माझं कायम होणं गेलं, खोली गेली, आणि मी परत याच ओट्यावर, मिलोच्या भाकरीपुढे. आणि वाटलं, एप्रिलला अजून अवकाश आहे. कदाचित साहेबांचं मन बदलेल. माणूस भित्रा असला की त्याला किती आशा सुचतात.

मी म्हणाले, "बाबा, साहेबांनी तिकडे पत्र पाठवलंय. सगळं तुमच्याच शाळेबद्दल. लिंबाच्या झाडाचं, मातीतल्या अक्षरांचं. तुम्हाला 'विश्वासू शिक्षक' म्हटलंय. शाळा चालू ठेवायचीच म्हणून लिहिलंय. मीच टाइप केलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दुपारी विचारलेल्या प्रश्नाला मी सकाळच्या भाषेतलं उत्तर दिलं, बस. पन्नास वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे, आणि पन्नास वर्षांत एकदाही ते मला पटलेलं नाही. खोटं बोलले असते तर निदान कधीतरी कबूल करता आलं असतं.

वडिलांचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. "काय लिवलंय म्हनतीस? विश्वासू शिक्षक?" त्यांनी ते इंग्रजी शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मग आईला म्हणाले, "बघ. आन् तू म्हंतीस चला." दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारखान्याच्या शाळेला नाही म्हणून कार्ड लिहिलं. ते कार्ड नगरच्या पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. मी टाकलं.

मार्चमध्ये पाहुणे आले. दोन गोरे म्हातारे आणि एक बाई, कपाळाला हातरुमाल लावलेले. वडिलांनी लग्नातला कोट घातला होता. पोरांना त्यांनी स्वागताचं गाणं बसवलं होतं आणि प्रत्येकाचं तोंड आईकडून धुऊन घेतलं होतं, पाणी नसताना. बाईंनी लिंबाखाली त्यांचा फोटो काढला. साहेब दुभाष्याचं काम करत होते. वडील म्हणाले, "त्यांना सांगा, मी हाय तवर शाळा बंद पडायची न्हाई." साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. एक अक्षरही इकडचं तिकडे केलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी होते आणि मीही टाळ्या वाजवल्या.

एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी कायम झाले. त्याच आठवड्यात, शनिवारी मी निघताना, साहेबांनी ड्रॉवर उघडला. म्हणाले, "तू घरीच चालली आहेस, तर एवढं मास्तरांना दे. पोस्टाने जायला चार दिवस लागतील." आणि तेच पाकीट माझ्या हातात ठेवलं. मला आजही कळत नाही की हा साधेपणा होता की शिक्षा होती. मला वाटतं, साहेबांना पोस्टाचं तिकीट वाचल्याचंच समाधान असावं. तारखेची त्यांना आठवण नव्हती आणि मला तर पाकिटात काय आहे याच्या पलीकडे काही सुचतच नव्हतं.

औरंगाबाद रस्त्याने एसटी निघाली. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि त्यावर वाकलेली माणसं. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. मनात आलं, पाकीट खिडकीतून टाकून द्यावं. पण मग दुसरं पत्र टाइप करावं लागलं असतं, आणि तेही मलाच.

वडील ओट्यावर होते. मी पाकीट दिलं आणि आत गेले नाही, तिथेच उभी राहिले. त्यांनी कडेने सावकाश फाडलं, मास्तर फाडतात तसं, पाकीट पुन्हा वापरता यावं म्हणून. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय आलंय?"

"शाळा बंद," ते म्हणाले. एवढंच, आणि शांतपणे. मला वाटलं, निभावलं. मग त्यांचा अंगठा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि तिथेच थांबला. मग खालच्या कोपऱ्यात. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण आकडे आणि आपल्या मुलीच्या नावाची अक्षरं कोणालाही वाचता येतात.

"ह्यो जानेवारीचा कागद हाय," ते म्हणाले.

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"मी तुला इचारलं त्याच्या आधीचा."

"व्हय," मी म्हणाले. नगरला गेल्यापासून मी 'होय' म्हणायला शिकले होते, पण त्या वेळी तोंडातून तेच आलं.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. पोरांची वही तपासावी तसा वरपासून खालपर्यंत बघितला. म्हणाले, "लई सुबक आलंय. एकबी खाडाखोड न्हाई." आणि कागद त्याच घडीवर दुमडून पाकिटात ठेवला. ओरडले असते तर मी पाया पडले असते. त्यांनी मला ती संधीच दिली नाही. आई मात्र बोलली. म्हणाली, "माझं ऐकलं असतं तर आज नळाखाली आंघूळ केली असती. पन त्यांनी शिकल्याली लेक इचारली."

कारखान्याच्या शाळेत तोवर दुसरा मास्तर लागला होता. चाव्या, घंटा आणि दप्तर जमा करायला वडील स्वतः कचेरीत आले. साहेबांना त्यांनी सलाम केला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि प्रदीर्घ सेवेबद्दल दोन शब्द बोलले. मी समोर मशीनवर बसले होते. दुपारची वेळ होती, मराठी पट्टी पुढे होती. पुढच्या आठवड्यापासून माझे वडील, वयाची पन्नाशी ओलांडलेले, त्याच रस्त्यावर खडी फोडायला लागले जिथे त्यांनी शाळा भरवली होती. पोरं त्यांना तिथेही मास्तरच म्हणायची. हातोडी पेलायची त्यांना सवय नव्हती. पहिल्याच महिन्यात अंगठ्याचं नख गेलं.

मदत आली. साहेबांनी खरोखर विहीर खणली आणि विहिरीला पाणीही लागलं. लोक अजून त्या विहिरीचं पाणी पितात आणि साहेबांचं नाव काढतात. मी त्यांना धड शिव्याही देऊ शकत नाही. तिथे गेले असते तर मीही प्यायले असते, म्हणून गेले नाही.

मी त्या कचेरीत आणखी अकरा वर्षं काढली. तो टाइपरायटर मोडीत निघाला तेव्हा त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. वडील मला कधी टाकून बोलले नाहीत. मी शनिवारी जायची तेव्हा ते माझ्या हातातली पिशवी घ्यायचे. माझ्या लग्नात ते ढसाढसा रडले. माझ्या मुलाला त्यांनी मातीत अक्षरं गिरवायला शिकवली. गप्पा मारायचे, गावाचं, देवळाचं, पिकापाण्याचं सांगायचे. लोकांना वाटायचं, बापलेकीचं किती गूळपीठ आहे.

फक्त एक गोष्ट होती. ती लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, आणि एकदा लक्षात आल्यावर मी जन्मभर मोजत राहिले. त्या शनिवारनंतर माझ्या वडिलांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. कधी आलीस, जेवलीस का, बरी आहेस का, गाडीला गर्दी होती का, काहीच नाही. सांगायचे सगळं, विचारायचे काही नाही. माझं बरं आहे की नाही हे ते आईला विचारायचे, मी ऐकत असताना.

शेवटी नगरच्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. मी त्यांच्याजवळच असायची. शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, ओळखलं, माझ्या हातावर हात ठेवला. मग मान पलीकडे वळवून दुसऱ्या खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सला विचारलं, "सिस्टर, किती वाजलं?"

त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांच्या बोटांखाली माझं घड्याळ होतं.